बिनआवाजाची मोटर

भागोजी मेस्त्री माझ्या दुकानात आला की पायरीवर चपला काढायचा. दुकान कसलं, रत्नागिरीत गाडीतळाजवळचा एक गाळा. खाली तांब्याच्या तारांचे तुकडे, वार्निशचे डाग, निकामी बेअरिंगं. मी स्वतः तिथं जाड तळाच्या सपाता घालून वावरते. "मेस्त्री, पायात तार घुसेल," म्हणून किती वेळा ओरडले असेन. तो हसायचा आणि अनवाणीच आत यायचा. "ज्या जाग्यावर कुणाचा पोट भरता, वयनी, तिथं चपला घालून जाऊ नये," म्हणायचा. मग स्टुलावर बसायचा, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखा.

मी मालिनी. मोटरी रिवाइंड करते. दुकान माझ्या नवऱ्याचं, राजाभाऊंचं. ते गेले तेव्हा सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी गाळा विकायचा सल्ला दिला. बाईमाणसानं ग्रीसमध्ये हात घालणं त्यांना बघवेना. पण राजाभाऊंच्या शेजारी बसून मी अर्धी हयात तार गुंडाळलेली. मी विकला नाही. बागायतदारांचे पंप येतात, मिरकरवाड्यातून बर्फाच्या कारखान्याच्या मोटरी येतात, आणि माझ्या तोंडाला भिऊन उधारी कमी होते. माझं तोंड फाटकं आहे हे मला माहीत आहे. हे जे सांगते आहे तेही मी रागातच सांगते आहे, तेव्हा गोड मानून घ्यायची अपेक्षा नाही.

भागोजी राजाभाऊंचा मित्र. पावस रस्त्यावरून आत वर चढलं की सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, कडेला कातळवाडी लागते, तिथला सुतार. नुसता सुतार नाही, कोरणारा. देव्हारे, देवळांच्या चौकटी, आणि मुख्य म्हणजे पालख्या. आपल्याकडे शिमग्यात ग्रामदेवता पालखीत बसून घरोघर जाते, तेव्हा पालखी ही गावाची केवढी अब्रू असते हे मी सांगायला नको. कातळवाडीच्या नवलाईची पालखी भागोजीनं केलेली. शिवणीचं लाकूड, हलकं आणि टिकाऊ. कठड्यावर चारी बाजूंनी रातांब्याची फांदी कोरलेली, फळं लगडलेली, पानं अशी की बोट लावावंसं वाटावं. एका पानावर पटाशी निसटली आणि चीर गेली. दुसऱ्या कुणी ती लांबी भरून बुजवली असती. यानं त्या चिरेवर एक मुंगी कोरली. "चूक झाली, आता तिला कामाला लावलीय," असं मला दाखवताना म्हणाला होता.

भागोजीच्या घराण्याची एक रीत होती. एका देवीचा नमुना दुसऱ्या देवीला द्यायचा नाही. पालखीचं काम सांगायला कुणी आलं की भागोजी आधी विचारायचा, कुठल्या गावची, देवी कोण, तिच्या बहिणी कुठं आहेत. मग तिच्यापुरती नवी वेल काढायचा. त्याबद्दल कागद नाही, करार नाही. देवळात उभं राहून गावाला शब्द द्यायचा, बस. बदल्यात गाव त्याला मान द्यायचं: दर शिमग्याला पालखी दांडीला जोडताना पहिली खुंटी मेस्त्रीनं ठोकायची. भागोजीला त्या खुंटीचं कौतुक नवऱ्या मुलासारखं होतं. त्या दिवशी तो धुतलेला सदरा घालायचा.

त्याचा मुलगा गुरुप्रसाद मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात होता. करोनाच्या सालात कारखाना बंद पडला आणि तो घरी आला. हुशार पोरगा, हाताला वळण आहे, पण बापासारखी बैठक नाही. एका फुलावर आठवडा घालवायचा म्हणजे त्याला शिक्षा. त्याच्या डोक्यात सीएनसीचं यंत्र बसलं होतं. संगणकात चित्र घालायचं, आणि वर लटकलेली मोटर मागेपुढे, खालीवर सरकत लाकडात तेच चित्र कोरते. भागोजी आधी नाही म्हणाला. मग बायकोनं, सगुणानं, समजूत घातली. पोरगा परत मुंबईला गेला तर म्हातारपणी तोंडात पाणी घालायला कोण, हे एकच पालुपद. भागोजी अखेर कबूल झाला. यंत्रानं ढोबळ काम काढायचं, शेवटचा हात आपण फिरवायचा.

आणि मग मोटर निवडायला त्यांनी मला बोलावलं.

अशा यंत्राला जी मोटर लागते तिला स्पिंडल म्हणतात. तीन हॉर्सपॉवर पुरे, मिनिटाला चोवीस हजार फेरे. यावर आमचं तिघांचं एकमत झालं. घरात सिंगल फेज, म्हणून मध्ये ड्राइव्हचा डबा लागणार, तेही ठरलं. अडलं ते मोटर थंड कशी ठेवायची यावर. दोन प्रकार असतात. एकीला मागे पंखा, वाऱ्यानं थंड होते. दुसरीच्या अंगातून पाणी खेळवतात, त्यासाठी वेगळा पंप, नळ्या, बादली.

मी सरळ सांगितलं, पंख्याची घ्या. पंखा मोटरच्याच दांड्यावर बसलेला असतो, मोटर फिरली की तो फिरणारच. पाण्याच्या मोटरीला पंपानं दगा दिला की मोटर भाजून निघते, आणि कोरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शिवाय तुमच्या विहिरीचं पाणी तांबूस, आत राप धरेल. डिस्टिल्ड पाणी वापरणार का? कोण वापरणार? चार दिवस वापराल आणि मग कळशी ओताल.

"काकू, तुमचं सगळं बरोबर," गुरुप्रसाद म्हणाला. मुंबईत राहून आलेला, त्यामुळे माझ्याशी तो शहरी बोलायचा. "पण पंख्याची मोटर किंचाळते. आईचं काय?"

सगुणा दारात उभी होती. तिला अर्धशिशी होती, म्हणजे तेव्हा आम्ही तसंच समजत होतो. दोन-तीन महिन्यांपासून दुपार झाली की डोकं धरायची, कपाळाला सुंठ लावायची. "माज्यासाटी नको," ती म्हणाली. "तुमी तुमच्या कामाचा बगा. मी सोसीन."

ती असं म्हणाल्यावर भागोजी काय करणार? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मोटरीच्या दृष्टीनं मी सांगितलं ते सांगितलं, बायकोच्या दृष्टीनं तुमचं तुम्ही बघा. तो म्हणाला, "पाण्याची घेऊया, वयनी. पाण्याचा मी बगतंय. हिच्या डोक्याला तरास नको." आणि गुरुप्रसादच्या पाठीवर थाप मारून मला म्हणाला, "बगितलास काय, पोराला आईची किती काळजी."

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या घरी माझ्या डोक्याची काळजी करायला कोणी नाही. मी घरी येताना सगुणाचा हेवाच केला.

यंत्र आलं, बसलं. मागच्या पडवीला लागून पत्र्याची शेड घातली होती. चालू करण्याआधी भागोजीनं नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आपल्याकडे देवाला सांगणं असं मोठ्यानं, चारचौघांत घालतात, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. भागोजी डोळे मिटून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राक यश दी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या यंत्रातून कुणाचा अन्न काडला जाव नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"एका देवीचा नमुना दुसऱ्या देवीक जायाचा नाय, ह्यो शब्द माज्या बापाचा, माजा आणि माज्या पोराचा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गुरुप्रसाद सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. मी त्याच्या शेजारी उभी होते. त्याचा आवाज माझ्या कानात बसला आहे.

मोटर सुरू झाली आणि मी थक्क झाले. माझं आयुष्य मोटरींच्या गलक्यात गेलं. ही नुसती गुणगुणत होती. लाकडाला कोरायचं बिट लागलं की खरखर व्हायची तेवढीच, तीही शेडचं दार लावलं की अंगणात येईना. कातळवाडीत कुणाच्या घरी मिरचीची फोडणी पडली तर चार घरांना ठसका लागतो, पण या यंत्राचा शेजाऱ्याला पत्ता नव्हता.

त्यानंतर भागोजीच्या दुपारी माझ्या दुकानात जायला लागल्या. झालं असं की सगुणाचं डोकं वाढलं. यंत्र गप्प होतं, पण भागोजी गप्प नव्हता. तो घरात असला की त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत, पटाशीवर मोगरी चालूच, ठक ठक ठक. तिला ते सहन होईना. तिनंच सुचवलं, दुपारचे जरा रत्नांग्रीला जाऊन बसा, राजाभाऊंच्या दुकानात चार माणसं येतात, तुमचाही वेळ जाईल. मग हा जेवून एसटीनं यायचा, चपला काढायचा आणि उन्हं कलेपर्यंत बसायचा. कधी भाट्याच्या पुलावर जाऊन उभा राहायचा. हातांना काम नाही म्हणून माझी स्क्रू-नटांची खोकी निवडून द्यायचा.

"मेस्त्री, तुमची कामं पडलीत की," मी म्हणायचे.

"पडूंदेत. ती निजली असंल आता," तो म्हणायचा. येताना तिच्यासाठी बाजारातून घेतलेली बामाची डबी परतताना पिशवीत आहे की नाही ते चाचपून बघायचा. रत्नागिरीतल्या एका डॉक्टरकडेही तिला घेऊन गेला होता. त्यांनी तपासून सांगितलं की काही सापडत नाही. भागोजीनं डॉक्टर बदलला. बायकोच्या शब्दाला तपासणी लावायची नाही, तपासणाराच बदलायचा, असा तो माणूस.

वर्षभरानं ती स्पिंडल माझ्याकडे दुरुस्तीला आली. घरघरायला लागली होती. मी खोलली. आतल्या पाण्याच्या वाटेत तांबडा राप, तो मी आधीच सांगितला होता. पण बेअरिंगं बघून मी चमकले. पार झिजलेली. गुरुप्रसाद म्हणत होता, दिवसाला दोन-तीन तास चालवतो. दोन-तीन तास चाललेली मोटर अशी होत नाही. ही मोटर दिवसभर राबवलेली होती.

"मालच खराब आहे, काकू," तो म्हणाला आणि मोबाइलात बघायला लागला.

मी पोटात ठेवणारी नाही. पुढच्या दुपारी भागोजी आला तेव्हा मी बेअरिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, मेस्त्री, तुमच्या मागे हे यंत्र चालतं आहे, बरंच चालतं आहे. काय कापलं जातं ते विचारा. त्या दिवशी तो माझ्यावर रागावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आणि एकदाच. उठून उभा राहिला. "वयनी, मोटर काय बोलता ता तुमी आयकता. माजा पोरगा काय बोलता ता मी आयकतंय. त्यानं देवासमोर व्हय म्हटलान हाय." बेअरिंग टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि गेला. दोन दिवसांनी परत आला, जणू काही झालंच नव्हतं. मीही विषय काढला नाही. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे कितीदा तोंड वाजवायचं?

मग तो शिमगा आला.

कातळवाडीची नवलाई आणि सड्यापलीकडच्या देवखोलची जाखमाता या बहिणी-बहिणी. पूर्वी शिमग्यात दोघींच्या पालख्यांची सड्यावर भेट व्हायची. पुढं हद्दीवरून दोन गावांत भांडण झालं आणि भेट बंद पडली, ती गुरुप्रसादच्या जन्माआधीच. त्या वर्षी दोन्ही गावांच्या शहाण्या माणसांनी बसून भांडण मिटवलं आणि भेट पुन्हा ठरली. भागोजी मला मुद्दाम बोलवायला आला. "वयनी, दोगी बहिणी किती सालांनी भेटतायत. नवलाई माज्या हातच्या पालखीतून जायाची. तुमी येवा."

मी गेले. सडा सगळा वाळल्या गवतानं पिवळा झालेला, कातळ तापलेला, आणि दोन्ही गावं लोटलेली. मुंबईकर तर भरून भरून आलेले. सकाळी भागोजीनं खुंटी ठोकली होती, अंगावर तोच धुतलेला सदरा. नवलाईची पालखी खांद्यांवर नाचत आली. गुरुप्रसाद पुढच्या दांडीला होता. समोरून ढोल वाजवत जाखमाता आली. तिची पालखी कोरी करकरीत, देवखोलच्या मुंबईकर मंडळानं त्याच साली गावाला दिलेली. दोन्ही पालख्या जवळ आल्या, वाकल्या, कठड्याला कठडा लागला. बायका रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात एक म्हातारी हरखून ओरडली, "गे बाय माजे! बगा बगा, बहिणी अगदी एकसारख्या नटल्यायत!"

सगळे बघायला लागले. रातांब्याची फांदी इकडे आणि रातांब्याची फांदी तिकडे. फळाला फळ, पानाला पान. लोक खूश झाले. कुणी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर गेले. लोकांना वाटलं भेटीसाठी हे मुद्दाम केलं आहे, केवढी कल्पना! देवखोलचा एक माणूस मोठ्या अभिमानानं सांगायला लागला, लांज्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, काय सुबक काम आहे.

भागोजी गर्दीतून त्या पालखीजवळ गेला. कठड्यावरून बोट फिरवत फिरवत चालला होता. एका पानाशी बोट थांबलं. मी मागेच होते, मला दिसलं. त्या पानावर मुंगी होती.

माणसानं नक्कल केली असती तर मुंगी वगळली असती, नाहीतर दुसरीकडे काढली असती. यंत्राला काय कळतं? त्याला पान दाखवलं तर पान, चीर दाखवली तर चीर. बापाच्या हाताची चूकसुद्धा पोरानं विकली होती. भागोजीनं मान वर करून गुरुप्रसादकडे पाहिलं. पोराच्या खांद्यावर दांडी होती, त्याला हलता येईना. त्याचा चेहराच सांगत होता. लांज्याचा व्यापारी ती पुढं कुणाला विकणार, हे त्यानं विचारलंच नव्हतं. पालखीचं काम घेताना देवी कोण, तिच्या बहिणी कुठं, हे विचारायचं असतं हा धडा त्याला नको होता. विचारलं असतं तर निदान पकडला तरी गेला नसता.

कातळवाडीचे मुख्य मानकरी धोंडू गावकर. वयानं थकलेले, पण नजर शाबूत. दुसऱ्या दिवशी सहाणेवर, म्हणजे पालखी बसवतात त्या चौथऱ्यापाशी, गाव जमलं. धोंडू गावकर एवढंच म्हणाले, "मेस्त्री, तू शब्द दिलेलास. दुसरी कुणी केलान?"

मी बायकांच्यात बसले होते. मला वाटत होतं, आता हा बोलेल. बोलायलाच हवं होतं. केसानं गळा कापला होता पोरानं. गुरुप्रसाद खांबाला टेकून खाली बघत होता. भागोजी उठला, हात जोडले.

"माज्या घरातून गेली," तो म्हणाला. "माज्या घरातून गेली म्हंजे मी केली. खुंटी दुसऱ्या कुणाला द्या."

कुणी त्याला दोष दिला नाही, कुणी आग्रहही केला नाही. गावानं मान काढून घेतला नाही, त्यानंच तो खाली ठेवला. मला एवढा संताप आला होता की मी तिथून न बोलता उठले आणि स्कूटी काढून घरी आले. वाटेत मोठमोठ्यानं गुरुप्रसादला शिव्या दिल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे भागोजीचं झालं. माझे काही ते दात नव्हते.

त्यानंतर भागोजी दुकानात यायचा बंद झाला. मीच गेले एका दुपारी. तो पुढच्या पडवीत रंधा घेऊन बसला होता, पण फळीवर रंधा फिरत नव्हता. गुरुप्रसाद घरी नव्हता. सगुणानं मला मागच्या पडवीत बोलावलं, सरबत दिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"वयनी, तुमी तरी सांगा त्यांना. पोराशी एक अक्षर बोलत नायत. पोरानं असा काय मोटा गुन्हा केलान? चोरी केलान? घरातलाच नमुना, घरातलाच यंत्र." ती पुढं बोलत गेली. समजावायच्या भरात माणूस किती सांगून जातो. "लाकूडसुद्दा फुकट घालवला नाय. मी सोता दाराशी बसायची. कोण येता काय बगायची. भुसा मी भरायची, गोट्यात पसरायची, म्हंजे दिसायला नको. माज्या नजरेखाली सगळा झाला, वयनी, पोर काय वायट मार्गाला लागला नव्हता."

मी सरबताचा पेला खाली ठेवला. दुपारी दाराशी बसायची? दुपारी तर ही निजलेली असायची.

मागे बघितलं तर भागोजी मधल्या दारात उभा होता. रंधा हातातच होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"तू दाराशी बसायचीस," तो म्हणाला. "आणि डोका?"

सगुणानं माझा पेला उचलला.

"डोका दुकायचा काय नाय?"

"तुमी घरात असता तर त्याला हे करू दिला असता?" ती एकदम ओरडली. "आणि केला नसता तर पोर ऱ्हायला असता हितं? गेला असता मुंबईला, परत तोंड दिसला नसता. पोरासाटी बोलली मी. माजा एकच हाय तो."

म्हणजे बिनआवाजाची मोटर यासाठी होती. वाडीला कळू नये म्हणून. आणि भागोजीला घराबाहेर काढायला अर्धशिशी होती. आणि त्याला बसवून ठेवायला माझं दुकान होतं. त्याच्या दुपारी मी राखल्या आणि मागे ही दोघं त्याचा शब्द कापत होती. कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपणाला राखणदार मी! मला सगुणाचा झिंज्या धरण्याइतका राग आला. तिचं आईपण मला कळतं. पण त्या माणसानं बाम शोधत अख्खा बाजार पालथा घातला होता. डॉक्टर खोटा ठरवला होता. त्याच्या हातातली मोगरी तिनं दुखण्याचं नाव सांगून काढून घेतली होती.

भागोजीनं आरडाओरडा केला नाही. तो म्हणाला, "पोरगा पैशाला भुलला. वय हाय त्याचा. पण तू दुकण्याचा खोटा सांगितलंस, सगुणा." आणि बाहेर जाऊन बसला.

गुरुप्रसादनं पुढच्याच महिन्यात यंत्र उचललं आणि लांज्याला त्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये नेलं. आईनं ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो असा गेला. धंदा जोरात आहे म्हणतात. आता तिथं बाराही महिने पालख्या होतात, आणि मोटर पंख्याची बसवली आहे असं ऐकते. तिथं कुणापासून लपवायचं आहे?

घरात दोघंच उरली. भागोजी तिच्याशी बोलायला लागला, भांडण नव्हतं. चहा दे म्हणायचा, बाजारातून काय आणू विचारायचा. मला वाटलं, काळ जाईल तसं निवळेल.

आंब्याच्या हंगामात मी कातळवाडीला एका बागेतला पंप बघायला गेले होते. येताना त्यांच्याकडे डोकावले. भागोजी पुढच्या पडवीत पटाशीला धार लावत होता. आत सगुणा बाजल्यावर पडलेली, डोक्याला फडकं आवळलेलं, तोंड भिंतीकडे.

"काय झालं हिला?" मी विचारलं.

"डोका दुकता म्हणते," भागोजी म्हणाला. "काल सांजपासून."

"मग डॉक्टरकडे नेलं नाहीत?"

तो धार लावायचा थांबला. दगडावरची पटाशी उचलून पंच्याला पुसली. उठला, माझ्याबरोबर आत आला आणि बाजल्यापासून हातभर लांब उभा राहिला.

"वयनी, तुमीच हात लावून बगा," तो म्हणाला. "मना आता कळत नाय."

सगुणानं ते ऐकलं. तिनं तोंड फिरवलं नाही, पण तिचे खांदे हलले. मी जवळ जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ भाजत होतं. हाताला चटका बसावा असा ताप. तिनं माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, "सांगा त्यांना, वयनी. सांगा, ह्या बारीला खरा हाय."

"मेस्त्री, खूप ताप आहे," मी म्हटलं. "रिक्षा बोलवा."

भागोजीनं सगुणाकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी त्याच्याशी आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाही. तो मात्र टक लावून माझ्याकडे बघत राहिला, मी खरं बोलते आहे का ते शोधत.

मग म्हणाला, "शेजारी ताप मोजायची नळी असंल. मी घेऊन येतंय." आणि चपला घालून बाहेर पडला.